खळ वाळेपर्यंत

माझ्या आत्याला ‘आता हे जमायचं नाही’ असं कुणी म्हणू नये. मी एकदा म्हणाले होते. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी ते काम करून दाखवूनच बोलली. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. पण माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अक्कल यायला जरा वेळ लागतो. तो म्हणाला. तेही चार माणसांच्या देखत.

आत्या पुस्तकं बांधते. सतराव्या वर्षी आजोबांच्या हाताखाली बसली, ती आता एकोणसत्तरची झाली तरी उठलेली नाही. फाटके शब्दकोश, शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची बाडं, वाचनालयातली पानं सुटलेली पुस्तकं, काय वाटेल ते बांधते. आमच्या घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडची खोली हे तिचं दुकान. एक लांब टेबल, पुठ्ठ्यांचा ढीग, दाभण, दोऱ्याची रिळं, मैद्याच्या चिकट खळीचं पातेलं, आणि मधोमध शिकंजा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शिकंजा म्हणजे पुस्तक दाबायचं यंत्र. आत्याचा शिकंजा कमरेएवढा उंच आहे, बिडाचा. खाली जाड बैठक, वर तेवढीच जाड प्लेट. वरच्या आडव्या पट्टीत बसवलेल्या भल्यामोठ्या नटातून मनगटाएवढा आट्यांचा दांडा खाली येतो, आणि दांड्याच्या डोक्यावर चाक. चाक फिरवलं की प्लेट खाली येते आणि पुस्तक आवळलं जातं. खळ लावलेलं पुस्तक त्यात ठेवायचं, चाक आवळायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. खळ वाळेपर्यंत शिकंजा उघडायचा नाही, हा आत्याचा नियम. एकदा एक वकीलसाहेब घामाघूम होऊन आले, त्यांचं बाड शिकंज्यात आणि तासाभरात कोर्टात तारीख. हातापाया पडायचे बाकी होते बिचारे. आत्यानं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, “तारीख पुढची घ्या. कच्चं काढलं तर जन्मभर वाकडं राहील.” आणि खरंच घेतली हो त्यांनी पुढची तारीख!

तर गेल्या वर्षी ही बाई दुकानाच्या पायरीवरून पडली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. मी दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, म्हणून मी तिला माझ्या घरी नेलं. सात महिने. त्या सात महिन्यांत तिनं माझ्या घरातली झाडून सगळी पुस्तकं डाव्या हातानं बांधली, अगदी गॅसच्या शेगडीचं माहितीपत्रकसुद्धा. दुकानाला कुलूप होतं आणि किल्ली दादाकडे.

प्लास्टर निघालं, हात वळायला लागला, आणि एका बुधवारी मी तिला घेऊन परत आले. दादानं कुलूप उघडलं. आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर दादाची न्हाणी आहे. तिचा पाइप गळत होता, थेंब थेंब, नेमका शिकंज्यावर. चाकापासून बैठकीपर्यंत सगळा शिकंजा तांबडा झाला होता. आट्यांवर गंजाचे पापुद्रे धरले होते, नटाच्या तोंडाशी तर खपलीच. बरं, दादाला कळलं नव्हतं म्हणावं, तर शेजारी बादली ठेवलेली! ती भरून वाहत होती. म्हणजे येऊन बघून, बादली ठेवून, हे महाशय पुन्हा वर जाऊन झोपले होते.

आत्यानं चाकाला हात लावला. बोटं तांबडी झाली. तिनं चाक फिरवून पाहिलं, ते हललंसुद्धा नाही. ती काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

दादा मात्र बोलला. “आत्या, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात असा, मशीन असं. आता हे जमायचं नाही. मी भंगारवाल्याशी बोललोय, रविवारी अकराला त्याचा टेम्पो येईल. आणि खोलीला भाडेकरू बघितलाय. मोबाईल दुरुस्तीवाला आहे, चांगला माणूस आहे.”

चांगला माणूस दारातच उभा होता, खोलीचं माप घ्यायला टेप घेऊन. शेजारचा शिंपी डोकावत होता, वहिनी जिन्यात होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं मला हातानं गप्प केलं.

“चाक फिरलं तर?” तिनं विचारलं.

“नाही फिरणार गं.”

“अरे, फिरलं तर?”

दादा हसला. हसला, म्हणूनच अडकला. “फिरलं, आणि त्यात एक पुस्तक दाबून दाखवलंस, तर खोली तुझी. तू आहेस तोवर तुझी. मी पुन्हा या विषयावर चकार शब्द काढणार नाही. पण रविवारी टेम्पो येईपर्यंत. नाही जमलं तर तू मुकाट्यानं हिच्याकडे जायचं.” हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मला काही जड झाली असती का ती? पण जिला रोज सकाळी खळ शिजवल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही, तिला माझ्या दोन खोल्यांत नेऊन मी बसवणार कुठे, आणि ती बसणार किती दिवस? आणि एक सांगू? या घरातला स्वतःचा हिस्सा तिनं कधीच माझ्या वडिलांना लिहून दिला होता, एकही अट न घालता. आज त्याच घरातल्या एका खोलीसाठी तिला पैज लावावी लागत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“ठीक आहे,” आत्या म्हणाली. “आधी तुझा पाइप बंद कर.” दादानं न्हाणीचा नळ तेवढा बंद केला, पाइपच्या दुरुस्तीचं नाव काढलं नाही.

वहिनी स्वभावानं चांगली आहे. ती धावत वर गेली आणि संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आली. “आत्या, हे ओता. झटक्यात निघेल बघा.”

“गंज झटक्यात निघेल, आणि त्याच्यामागून लोखंडही निघेल,” आत्या म्हणाली. “वर त्या वाफा माझ्या आणि हिच्या छातीत. ठेव ती परत, आणि येताना व्हिनेगर आण. खाण्याचा सोडा, दोन बटाटे आणि तुझे टाकाऊ दात घासायचे ब्रश. एवढं पुरे.”

लहान लहान वस्तूंचं तिला काहीच अवघड नव्हतं. बोल्ट, बिजागऱ्या, कात्रीची सुटी पाती असं सगळं तिनं काचेच्या बरणीत टाकलं, वर बुडेल एवढं व्हिनेगर ओतलं आणि झाकण सैलच ठेवलं, कारण आत बुडबुडे येतात, घट्ट झाकलं तर वायू कोंडतो. चिकटपट्टीनं बरणीवर कागद लावला: पिण्याचे नाही. पुठ्ठा कापायच्या सुरीवर नुसता तांबूस थर होता, तिला बटाट्यावर भागवलं. बटाटा मधोमध कापून त्यावर सोडा शिंपडायचा आणि पात्यावर घासायचा. बटाटा काळा पडला की तेवढी चकती कापून टाकायची, पुन्हा सोडा. मी घासत होते आणि मनात म्हणत होते, नोकरी करून वर हे! पण पातं हळूहळू पांढरं होत होतं, आणि खरं सांगते, हात थांबवावासा वाटेना.

अडचण होती ती दांड्याची. तो उभा, नटात अडकलेला. त्याला बरणीत बुडवणार कसा? नुसतं व्हिनेगर लावलं तर खाली ओघळून जातं. मी म्हटलं, फडकी भिजवून बांधू. आत्या म्हणाली, फडकं आट्यांच्या खाचेत शिरत नाही. मग तिचे डोळे चमकले, आणि तिनं पातेल्याकडे पाहिलं.

“खळ,” ती म्हणाली.

जन्मभर जी गोष्ट केली तीच तिनं केली. मैदा घेतला, थोड्या पाण्यात घट्ट शिजवला, खाली उतरवून कोमट झाल्यावर त्यात व्हिनेगर आणि मूठभर मीठ घोटलं. हात सवयीनं मोरचुदाच्या डबीकडे गेला. किडे लागू नयेत म्हणून बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. डबी उघडता उघडता ती थांबली. “लोखंडाचा वैरी आहे हा,” म्हणाली आणि डबी बंद केली. मग ब्रशनं ती आंबूस खळ प्रत्येक आट्यात भरली, वरून बांधणीच्या कापडाच्या पट्ट्या अशा सफाईनं गुंडाळल्या, की वाटावं बाई दांड्याचंच पुस्तक बांधतेय. संध्याकाळी पाच वाजता आम्ही हात धुतले. “आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही,” ती म्हणाली. मला तरी काय कळत होतं? मी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी उघडायला गेलो तर पट्ट्या सुटेनात. खळ वाळून खडखडीत झाली होती! कापड, खळ, गंज, सगळं एकजीव. सात महिने ओलाव्यानं जेवढं बिघडवलं होतं, त्यावर आम्ही वरून पुठ्ठ्याची बांधणी चढवली होती. मी हसू का रडू? बावन्न वर्षं खळ वाळायची वाट बघितलेल्या बाईनं इथंही ती वाळू दिली होती, आणि वाळलेलं व्हिनेगर कसला गंज काढतंय, डोंबल! जिथवर ओलं राहिलं तिथवर काम झालं, पुढे ठप्प.

दादा कामावर जाता जाता दारात थांबला. “वा! मजबूत झालं की.” आणि दात काढत गेला.

आत्या स्टुलावर बसली. तिचे कान लाल झाले होते. “एवढी साधी गोष्ट,” ती म्हणाली. “बावन्न वर्षं खळीत हात घालून मला एवढी साधी गोष्ट कळू नये? अख्खा दिवस घालवला मी.” तिची अशी अवस्था मला बघवेना.

“आत्या, आमच्याकडे जखम ओली ठेवायची असते ना, तेव्हा ओल्या कापसावर आम्ही वरून प्लास्टिक लावतो,” मी म्हटलं. “हवा लागली नाही की वाळत नाही.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मला पहिल्यांदाच बघतेय. “मग काल तोंडात काय कोंबलं होतंस?”

हे कौतुक होतं. आमच्या घरात ते असंच असतं.

कोमट पाण्यानं खळ भिजवून भिजवून पट्ट्या सोडवण्यात दुपार गेली. मी दोन दिवसांची रजा टाकली. नवी खळ, नवं व्हिनेगर, आणि या वेळी वर प्लास्टिकच्या पिशव्या कापून गुंडाळल्या आणि दोऱ्यानं करकचून बांधल्या. शुक्रवारी सकाळी पट्टी सोडली तर आतली खळ काळी-तपकिरी झालेली, आणि बोटानं पुसली तर खाली लोखंड! मी ओरडलेच. जिथे डाग चिवट होते तिथे डब्यातल्या पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा ओला करून घासला. तारेच्या काथ्यासारखे ओरखडे पडत नाहीत त्यानं. पुन्हा एक थर, पुन्हा प्लास्टिक. शनिवारी दुपारपर्यंत दांडा वरपासून खालपर्यंत लख्ख. मग सोड्याच्या पाण्यानं पुसला, कारण आंबट तसंच राहू दिलं तर उद्या पुन्हा गंज हजर. लगेच कोरडा केला, वहिनीनं केस वाळवायचा ड्रायर आणून दिला. शेवटी शिलाई मशीनचं तेल.

आत्यानं चाक धरलं. मी धरलं. आम्ही दोघींनी जोर लावला, तोंडं लाल होईपर्यंत.

चाक हललं नाही.

पुन्हा लावला. नाही. वहिनी आली, तिघींनी लावला. शेजारचा शिंपी आला, चौघांनी लावला. ढिम्म. नटाच्या फटीत व्हिनेगर सोडलं, तेल सोडलं, तासभर थांबलो, काही नाही. आत्याचं मनगट सुजायला लागलं तेव्हा मी तिला ओढून बाजूला केलं. ती भांडली, पण बसली. मला वाटलं, आता म्हणावं तिला, जाऊ दे आत्या. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग ते आठ दिवस आठवले आणि मी गप्प बसले. खरं कारण ते नव्हतं म्हणा. हरलेली आत्या बघायची माझी तयारी नव्हती, बस.

रविवारी भंगारवाला अर्धा तास आधीच आला. धिप्पाड माणूस, पण बोलायला मऊ. त्यानं शिकंज्याभोवती फेरी मारली. “मावशी, लख्ख केलाय की हो. मोडायचा जीव होत नाही.” मग टेम्पोतून घण घेऊन आला. “नटावर दोन घाव घालू का? सुटला तर सुटला.”

“बीड आहे ते,” आत्या एकदम उठली. “घाव घातलास तर तडकेल. हात लावशील तर बघ!”

तो दोन पावलं मागे सरला. दादा घड्याळ बघत दारात उभा. त्याच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये भाडेकराराचे कागद होते, बारा वाजता मोबाईलवाला सह्या करायला येणार होता. सगळी तयारी करून आला होता शहाणा.

आत्यानं दाभण उचललं. नटाच्या फटीत घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. टोकावर काहीतरी आलं होतं. ते तांबडं नव्हतं. पिवळट होतं, खडीसारखं. तिनं ते नाकाशी नेलं. बोट जिभेला लावून ओलं केलं आणि दोन बोटांत तो कण चोळला. बोटं चिकटली.

“अगं बाई,” आत्या म्हणाली. “ही तर खळ आहे!”

कुणाला काही कळेना. आत्या मात्र हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बावन्न वर्षं तिनं खळीनं माखलेल्या हातांनी तो दांडा धरला होता. हातांची खळ आट्यांना, आट्यांची नटात, दर फेऱ्याला थोडी थोडी. आणि या आठवड्यात आम्ही पातेलंभर आणखी घातली होती, ती वेगळीच! गंज निघाला होता कधीच. नट धरून ठेवला होता तो तिच्याच खळीनं, आणि आम्ही वेड्यासारखे त्यात तेल सोडत बसलो होतो. वाळल्या खळीला तेलानं काय होतंय? तिला लागतं कोमट पाणी. हे सांगायला आत्याला कुणाची गरज होती का? ती रोज पातेलं धुते!

वहिनी न सांगता वर पळाली आणि किटली घेऊन आली. आत्यानं नटाभोवती फडकं गुंडाळलं आणि त्यावर धार सोडली. पुन्हा. पुन्हा. खाली पांढुरकं पाणी ठिबकायला लागलं. साऱ्या खोलीत खळीचा वास सुटला. “अकरा वाजले,” दादा म्हणाला. “वाजू देत की,” हे भंगारवाला म्हणाला! “मला घाई नाही.”

मग आत्यानं चाक धरलं. मी दुसरीकडून धरलं. एक कर्रर्र आवाज झाला, दातांना झिणझिण्या आणणारा, आणि चाक बोटभर सरकलं. मग वीतभर. मग अख्खा फेरा! वहिनीनं टाळ्या वाजवल्या. शिंप्यानं शिट्टी मारली. मी चक्क रडत होते, आणि मला त्याची काडीइतकी लाज वाटली नाही.

आम्ही पाणी टिपलं, ड्रायर फिरवला, तेल दिलं. आत्यानं चाक एका हातानं खालीवर फिरवून पाहिलं.

“फिरलं खरं,” दादा पडेल आवाजात म्हणाला. “पण पुस्तक दाबायचं ठरलं होतं. पुस्तक कुठंय?”

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. सात महिने बंद असलेल्या दुकानात पुस्तक कुठून असणार? मग ती चालत गेली आणि त्याच्या हातातला फोल्डर काढून घेतला. असा सहज, की त्याला सोडायचं की धरायचं हेही सुचलं नाही.

पुढची वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. कागद ठोकून सरळ केले. दाभणानं तीन भोकं. दोरा ओवला, गाठ मारली. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, त्याच बटाट्यानं साफ केलेल्या सुरीनं. निळं कापड, उरलेल्या मैद्याची ताजी खळ, या वेळी मोरचूद घालून. मोडलेलं मनगट कुठं अडखळलं नाही. बाड फळ्यांमध्ये ठेवून तिनं शिकंज्यात सरकवलं आणि चाक आवळलं.

“आत्या, अगं करारनामा आहे तो!” दादाला आत्ता कंठ फुटला. “बारा वाजता सह्या आहेत! काढ तो!”

आत्या स्टुलावर बसली आणि हाताची बोटं फडक्याला पुसायला लागली. “खळ वाळेपर्यंत शिकंजा उघडायचा नाही,” ती म्हणाली. “तारीख पुढची घे.”

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाता जाता त्यानं विचारून घेतलं, पत्रा कापायची त्याची कात्री गंजली आहे, तिलाही हीच आंबट खळ चालेल का. मोबाईलवाला आला, ऐकलं, आणि शिकंज्याला हात लावून बघून गेला.

सोमवारी सकाळी आत्यानं चाक उलटं फिरवलं आणि बाड दादाच्या हातात दिलं. सरळ, घट्ट, कोपरे धारदार. दादा ते चाळायला लागला. पहिलं पान, दुसरं पान, अटी, शर्ती. मग तो थांबला. त्यानं बाड उलटं करून पाहिलं.

“आत्या, सह्यांचं पान कुठंय?”

“शेवटचं होतं ना ते? शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवतात. बांधणीची पद्धतच आहे ती.”

दादानं नखानं कोपरा उचकटून पाहिला. निघतोय कसला! आत्याची खळ होती ती, आणि पूर्ण वाळलेली.

“मी दुसरा छापून आणू शकतो,” तो म्हणाला.

“आण की,” आत्या म्हणाली. “बांधायला माझ्याकडेच ये.”

 दादा बाड काखेत मारून वर गेला, आणि दुपारी पाइपवाला आला.